गुड्डेवाडीचं बिनटाक्याचं ऑपरेशन

"दिसलं! हरिबाला दिसलं!"

मंडपातून आरोळी उठली आणि बिरोबाच्या देवळापुढं बसलेली तीनचारशे माणसं एकदम उभी राहिली. कुणीतरी भंडाऱ्याची मूठ हवेत उधळली. ढोल घुमायला लागला. दीड वर्ष बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा हरिबा मंडपाच्या खांबापासून एकटा निघाला, कुणाला न धडकता गर्दीतून बाहेर आला आणि देवळाच्या सावलीत बसवलेल्या आपल्या मेंढरांपाशी जाऊन थांबला.

"ती बघा, काळ्या कानाची," तो बोट दाखवत ओरडला. "ती शिंगमोडकी. आन तिच्या मागं ते पांढरं कोकरू. हाय का न्हाई? बोला की!"

होतं. अगदी तसंच होतं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि चारजण हरिबाच्याच पाया पडले.

जीपच्या पायरीवर उभी राहून मी हे बघत होते. हरिबाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला न्यायला मी आले होते.

१९९८ सालचा मार्च महिना. मी, प्रियदर्शनी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा सहायक होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. डोळे तपासायचे, नंबर काढायचे, मोतीबिंदूची माणसं शोधायची आणि त्यांना सांगलीच्या सर्जनपर्यंत पोहोचवायचं, हे माझं काम. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या वस्त्यांवर मला कुणी नावानं ओळखत नसे. 'डोळ्याच्या बाई' म्हणत. गुड्डेवाडीला तीन खेपा घालून, मिनतवाऱ्या करून मी तेरा माणसं ऑपरेशनला तयार केली होती. त्या सोमवारी त्यांना न्यायला आले, तर त्यातले बरेचजण मंडपात ओळीनं आडवे पडलेले, डोळ्यांवर ओले फडके घेऊन.

"मॅडम, आपली गिऱ्हाइकं पळवली की कुणीतरी," ड्रायव्हर जालिंदर म्हणाला.

पळवणाऱ्याचं नाव नेत्रानंद महाराज. चार दिवसांपूर्वी तो म्हसवडच्या बाजूनं आला होता आणि त्याआधी बारा वर्षं हिमालयात होता, असं त्याचा चेला सांगत होता. भगवी कफनी, मानेवर रुळणारे तेलकट केस आणि आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही.

"बाळांनो, सांगलीचा डॉक्टर काय करतो? चाकू घेतो! डोळा चिरतो! वर बाटलीच्या बुडासारखा चष्मा नाकावर ठेवतो! इथं चाकू नाही, टाका नाही, चष्मा नाही. मुंबईचा शेठ पेटीभर पैसे मोजून जी लेसर घेतो ना, ती शंभूनं माझ्या या मुठीत ठेवली आहे. तिसऱ्या डोळ्यातून निघालेली पहिली लेसर! अमेरिकेनं ती शंकराकडून चोरली! तिथं बिल येतं, इथं फक्त भाव लागतो!"

भाव म्हणजे भक्तिभाव. शिवाय एक कोकरू. महाराज पैशाला शिवत नसत. बिरोबाच्या नावानं माणशी एक कोकरू घेत. मंडपामागं ती कोकरं कोंडून ठेवली होती आणि ती न्यायला टेंपो यायचा.

उपचाराची रीत अशी. आधी आडवं निजवायचं. तांब्याच्या भांड्यातलं हिरवट तीर्थ पळीनं दोन्ही डोळ्यांत सोडायचं. वर ओला फडका टाकून तासभर सावलीत पडू द्यायचं. मग महाराज येऊन मूठ रोखत, आणि कपाळावर लालभडक ठिपका उमटे. गर्दी श्वास धरून बघे. "मोतीबिंदू भस्म झाला!" महाराज गरजत. फडका काढला की काहींना खरंच दिसू लागे. ज्यांना दिसत नसे, त्यांची श्रद्धा कमी पडलेली असे. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तीर्थ. आणि सगळ्यांना पथ्य एकच: सात दिवस उन्हात जायचं नाही, सुई-दोऱ्याचं काम करायचं नाही, आणि डॉक्टरला डोळा दाखवायचा नाही.

तो लाल ठिपका बघून मला हसू आलं. सांगलीच्या स्टँडवर त्या वर्षी नुकत्याच किल्लीला लावायच्या इवल्याशा विजेऱ्या आल्या होत्या. बटण दाबलं की लाल किरण. जालिंदरच्या जीपच्या किल्लीलाही तीच लटकत होती. मी ती मागून घेतली, मंडपात शिरले आणि ठिपका सरळ महाराजांच्या पोटावर पाडला.

"ही घ्या शंकराची लेसर," मी म्हणाले. "स्टँडवर मिळते. महाराज, तुमची मूठ उघडा बघू."

पोरं हसली. दोनचार मोठी माणसंही हसली. महाराजांची मूठ घट्ट मिटली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मुलीकडं खेळणं आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या खेळण्यानं एक आंधळा बरा करून दाखव, बाळ."

सरपंच लालासाहेब पुढं आला. मंडप त्यानंच घालून दिला होता. "बाई, त्यो ठिपका ऱ्हाऊ द्या बाजूला. हरिबाला दिसाय लागलंय, त्याचं काय?"

मी जीपमधून तपासणीचा तक्ता काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन दात्यांच्या पंजासारख्या खुणांचा तक्ता असतो. दाते ज्या बाजूला वळलेले, त्या बाजूला रुग्णानं बोटं करायची. महिन्यापूर्वी हरिबाला सहा मीटरवरून फक्त सगळ्यात वरची, वीतभर खूण दिसली होती. आता मी छडी ठेवत गेले आणि तो बोटं वळवत गेला. वर, डावीकडं, खाली. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. एकही चूक नाही.

मी छडी खाली घेतली. गर्दीला ते दिसलं.

"बोला की बाई आता!"

"आवं, कशा बोलतील?" लालासाहेब म्हणाला. "ह्यांच्या घरात देवच न्हाईत म्हनं. मग आमच्या देवाचं ह्यास्नी काय कळनार?"

माझ्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले आणि प्रश्न विचारायची सवय धरली. पण त्या दुपारी हरिबाला दिसत होतं, आणि ते मीच मोजलं होतं.

हरिबा जवळ आला. डोळ्यांवर हाताची सावली धरून म्हणाला, "बाई, राग मानू नगा. तुमी लय चांगल्या. पर आता माज्या डोळ्याला हात लावू नगा. तीर्थ घशात उतारलं तर कडूजार लागलं, जीब बी कोरडी पडलीया. पर दिसतंय!"

त्याच्या मागं त्याची बायको तानुबाई हसत उभी होती. "मीबी घेनार हाय तीर्थ आज. मलाबी उजव्यानं अंधूकच दिसतंय."

"मामी, थांबा. घाई करू नका," मी म्हणाले. पण का थांबायचं ते सांगता आलं नाही, आणि कारणाशिवाय कोण थांबणार? रिकामी जीप घेऊन आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात धोंडुबाई नावाची म्हातारी तपासायला आली. मोतीबिंदू किती पिकलाय ते बघण्यासाठी डोळ्याची बाहुली मोठी करावी लागते, त्याचे थेंब असतात. ते मी तिच्या डोळ्यांत घातले आणि तिला बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं तिनं हाक मारली.

"बाई, ऑपरेशन कशाला करताय? तुमच्या थेंबानंच बरं झालं की! मगाशी भितीवरचं घड्याळ दिसत न्हवतं, आता काटं दिसाय लागलं."

हे मी शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा हसून सोडून दिलं होतं. त्या दिवशी मी जागच्या जागी उभी राहिले.

सावलीत तासभर निजवणं. उन्हाचं पथ्य. कोरडी जीभ, कडू घसा. आणि डोळ्यांवर हात धरून बोलणारा हरिबा. त्याची बुबुळं पिकल्या जांभळासारखी काळीभोर दिसत होती आणि मला ते त्याच्या आनंदाचं तेज वाटलं होतं. काम लाल ठिपका करत नव्हता. तो नुसता तमाशा होता, आणि मीही त्याच तमाशाकडं बघत बसले होते. काम तीर्थ करत होतं. त्यात बाहुली मोठी करणारं काहीतरी होतं.

मी गुड्डेवाडीची वही उघडली. तेराव्या नंबरला तानुबाई. नावापुढं मीच जानेवारीत लाल शाईनं लिहिलं होतं: 'डोळा उथळ. बाहुली मोठी करू नये. सांगलीतच तपासणी.'

"जालिंदर, जीप काढा," मी ओरडले.

गुड्डेवाडीत पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. तानुबाई देवळाच्या ओवरीत भिंतीला टेकून बसली होती, डोकं फडक्यानं करकचून बांधलेलं. पुढ्यात राख टाकलेली ओकारी. काल संध्याकाळपासून अर्धं डोकं फुटत होतं, रात्रभर उलट्या. सकाळी महाराजांनी तिसऱ्यांदा तीर्थ घातलं होतं. 'जन्माचा मळ बाहेर पडतोय' म्हणून सांगितलं होतं.

मी फडका सरकवला. उजवा डोळा लालबुंद. वरची काच श्वास सोडलेल्या आरशासारखी धुरकट. बॅटरी मारली तर बाहुली हलली नाही. मिटलेल्या पापणीवर हलकेच बोट टेकवलं. डोळा सुपारीसारखा टणक लागला. काचबिंदूचा झटका. यात तासातासाला नजर जळत जाते, आणि एकदा गेलेली नजर कुठलंही ऑपरेशन परत आणत नाही.

"मामा, आत्ताच्या आत्ता सांगलीला. उशीर केला तर हा डोळा जाईल. दुसराही जाईल."

हरिबा जागचा हलला नाही. त्यानं खाली बघितलं. "महाराज म्हनत्यात, सात दिसाच्या आत दोघातल्या एकानं जरी मंडप सोडला तर माजीबी नजर जाईल." मग अगदी हळू म्हणाला, "दीड वरीस अंधारात काढलंय, बाई."

तोवर महाराज आले होते. "नेऊ नका! सूर्याची दृष्ट लागेल! देव परीक्षा घेतोय आणि ही बाई पेपर फाडायला आली आहे!"

माणसं सरकत सरकत जीपभोवती जमली. दोघांनी पुढच्या चाकांना धोंडे लावले. जालिंदर स्टिअरिंगवर हात घट्ट धरून बसला होता.

"ऐका," मी ओवरीच्या कट्ट्यावर चढले. "काल माझं चुकलं. चमत्कार ठिपक्यात नाही, तीर्थात आहे. आणि हरिबामामांना खरंच दिसतंय. पण मोतीबिंदू जागेवरच आहे. मामांच्या डोळ्यात महाराजांनी जे केलं, ते मी सरकारी बाटलीनं अर्ध्या तासात करून दाखवते. मंत्र नाही, कोकरू नाही."

"कुनाच्या डोळ्यात?" कुणीतरी विचारलं.

"सरपंचांच्या."

लालासाहेब दचकला. त्याच्या डाव्या डोळ्यात हरिबासारखाच, बरोब्बर मधोमध मोतीबिंदू होता. तपासणी त्यानं माझ्याकडून घराचं दार लावून करून घेतली होती. त्याचा डोळा खोल होता, थेंबांचा धोका नव्हता, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

"सरपंच, मंडप तुम्ही घातला. चार दिवस झाले, तुम्ही अजून तीर्थ का नाही घेतलं?"

माणसं त्याच्याकडं बघू लागली. "घेनार हुतो की... सकाळी," तो पुटपुटला. खरी गोष्ट अशी की दुसऱ्यांचं काय होतंय ते बघून मग घ्यायचं, असा त्याचा हिशेब होता. तो शहाणाच होता. फक्त आपलं शहाणपण त्यानं गावाला दिलं नव्हतं.

नकार द्यायला जागाच उरली नाही. तो खुर्चीवर बसला. अंगणवाडीच्या चंद्राबाईंनी तक्ता खांबाला बांधला. उजवा डोळा झाकून लालासाहेबानं डाव्यानं बघितलं. वरची एक खूण दिसली, बाकी धुकं. सगळ्यांनी ते ऐकलं. मी थेंब घातले, पाच मिनिटांनी पुन्हा घातले. महाराज समोर बसून डोळे मिटून मोठमोठ्यानं मंत्र म्हणू लागले, माझे थेंब बांधून टाकण्यासाठी.

मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ओवरीतून पुन्हा ओकारीचा आवाज आला. मी वळून बघितलं. तानुबाई खांबाला धरून उभी राहत होती.

"डोळा माजा हाय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "महाराज ठरीवतोय, ह्यो ठरीवतोय, सरपंच ठरीवतोय. काल सांजपास्नं मी वरडतीया. मला कुनी इचारलं का, तुजं दुकतंय किती? बाई, मला न्या."

"तानू..." हरिबा म्हणाला.

"तुमी बसा मेंढरं मोजत."

माझ्यापुढं पेच पडला. मी निघाले असते तर 'बाई पळाली' म्हणून बोंब झाली असती आणि बाकीची बारा माणसं त्याच तीर्थाखाली राहिली असती. थांबले असते तर चमत्कार मोडला असता, पण ही बाई खांबाला धरून उभी होती. मी छडी चंद्राबाईंच्या हातात दिली.

"अजून वीस मिनिटांनी सरपंचांना तक्ता दाखवा. किती ओळी दिसतात ते मोठ्यानं मोजा." मग लालासाहेबाला म्हणाले, "सरपंच, मी इथं नसेन. जे दिसेल ते खरं सांगा. एवढंच."

तानुबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागली. जीपपुढची माणसं थोडी घुटमळली, मग बाजूला झाली. माझ्यासाठी ती झाली नसती. तिच्यासाठी झाली. ज्यांनी धोंडे लावले होते, त्यातल्याच एकानं ते पायानं ढकलले.

सांगलीपर्यंत साडेतीन तास. डोळ्यातला दाब उतरवायची गोळी जीपच्या पेटीत होती. दिली, तिनं ओकून टाकली. पुन्हा दिली. कवठे गावाजवळ तिनं विचारलं, "बाई, उजव्यासमोर हात धरलाय का तुमी?" मी धरला नव्हता. थोड्या वेळानं खरंच धरला, तर ती काही बोलली नाही. जालिंदरनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

सर्जनांनी दारातच बघून सलाईन लावायला सांगितलं. संध्याकाळी दाब उतरला, उलट्या थांबल्या, तानुबाई चोवीस तासांनी झोपली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"उजव्याची मला आशा वाटत नाही. फार वेळ गेला, आणि वरून सकाळी पुन्हा तेच औषध गेलं. डावा उद्या लेसर करून सुरक्षित करू. तोही काठावर आहे."

बुधवारी सकाळी तानुबाईनं खरी लेसर बघितली. एका टेबलावरचं यंत्र, त्याला हनुवटी टेकायची पट्टी. डॉक्टरांनी भूल देणारा थेंब घातला, बारीक टकटक आवाज झाला आणि बुबुळाच्या कडेला खसखशीएवढं भोक पडलं, डोळ्यातलं पाणी मोकळं वाहावं म्हणून. पाच मिनिटांत ती बाहेर आली.

"झालं? एवडंच?" ती म्हणाली. "ना ढोल, ना आरडावरडा?"

दुपारी हरिबा आला. भाजीच्या ट्रकमधून, उन्हासाठी डोक्यावरून घोंगडं ओढून. बायकोच्या खाटेपाशी गेला आणि बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिला. मग बाहेर येऊन मला मंडपातली हकीकत सांगू लागला.

"तुमी गेला आन महाराज म्हनला, पळाली बगा. लोकबी तसंच म्हनाय लागलं. पर चंद्राबाई खमकी. तिनं घड्याळ बगून सरपंचाला हुबा केला आन छडी ठेवली. एक वळ झाली. दोन झाल्या. तिसरीला सरपंच गपच झाला. डोळा मिटला त्यानं. मला वाटलं, आता लबाड बोलतंय हे. आब्रूचा सवाल हुता की त्याच्या! मंडप त्याचा, महाराज त्याचा. मग डोळा उगडला आन म्हनला, 'दिसतंय रं. तिसरी दिसतीया. बाईच्या बाटलीनं दिसतंय.'"

"मग महाराज?"

"त्यो काय मागं सरतोय? म्हनला, माज्या मंत्रानं दिसलं. तवा चंद्राबाई म्हनली, 'मग महाराज, मंत्र ऱ्हाऊ द्या. तुमचं तीर्थ तुमच्या डोळ्यात दोन थेंब घाला, समद्यांम्होरं.' त्यो न्हाई म्हनला. लय आग्रेव केला, तरी न्हाई. मग चेला मागच्या मागं भांडं वतून टाकाय लागला, त्याला धरला. मंडपामागं पाटा-वरवंटा, आन खाली काय गावलं म्हाईताय? धोतरा! पानं वाटलेली, काटेरी बोंडं फोडलेली." हरिबानं कपाळावर हात मारला. "बाई, आमी जलमभर मेंढरं राखली. धोतऱ्याला मेंढरू त्वांड लावत न्हाई. जनावराला कळतं, आन आमी ते डोळ्यात घालून घेतलं!"

कोकरं न्यायला आलेला टेंपो लोकांनी अडवला आणि पोलिसांना बोलावलं. महाराजांनी ठाण्यात तीन वेगवेगळी नावं सांगितली म्हणे. हिमालय त्यांतल्या एकाही पत्त्यात नव्हता.

पुढच्या सोमवारी मी गुड्डेवाडीला गेले. हरिबाच्या डोळ्यांत तोवर पुन्हा धुकं उतरलं होतं. तीर्थाचा अंमल संपला होता. सात दिवसांचं पथ्य का होतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही. आठव्या दिवशी महाराज दुसऱ्या गावात असायचे.

पण 'दिसलं कसं?' हा प्रश्न लोकांच्या मनात होता, आणि त्याचं उत्तर देणं माझ्याकडं बाकी होतं. मी देवळाचं दार जवळजवळ लोटून घेतलं, हातभर फट ठेवली आणि त्या फटीत लालासाहेबांना आत तोंड करून उभं केलं.

"बाहेरून देव दिसतो का?"

"न्हाई. सरपंच मदी हाय."

मी दोन्ही फळ्या सताड उघडल्या. "आता?"

"दोन्ही बाजूनं दिसतोय."

"सरपंच गेले का?"

"न्हाई की, तितंच हायत!"

"मोतीबिंदू म्हणजे हे मध्ये उभे राहिलेले सरपंच. डोळ्याची बाहुली म्हणजे दार. धोतऱ्यानं दार सताड उघडतं आणि कडेनं दिसायला लागतं. मोतीबिंदू जागचा हलत नाही. दार मिटता येत नाही म्हणून ऊन सोसत नाही. जवळचं बघायची ताकद थांबते म्हणून सुईत दोरा जात नाही. आणि तानुबाईंसारखा उथळ डोळा असेल तर बुबुळ गोळा होऊन कडेच्या मोरीत अडकतं, मोरीच्या तोंडाशी घोंगडं कोंबावं तसं. पाणी तुंबतं आणि डोळा जातो. ते धोतऱ्यानं होतं, आणि माझ्या बाटलीनंही होऊ शकतं. फरक एवढाच की आम्ही आधी डोळा बघतो."

लालासाहेब दारातून बाजूला झाले. खाली बघत म्हणाले, "मंडप मी घातला हुता. ते बी लिहा तुमच्या वहीत."

मग लोकांनी विचारलं, आता खरा इलाज काय. मी जे होतं ते सांगितलं. मोतीबिंदू थेंबानं जात नाही, मंत्रानं जात नाही, आणि लेसरनंही जळत नाही. जळतो असं कुणी डॉक्टरनं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. तो काढावाच लागतो. पूर्वी काढल्यावर जाड चष्मा लागायचा, आता आतच इवलंसं भिंग बसवतात. शंभरातली बहुतेक ऑपरेशनं चांगली होतात, एखादं बिघडतं. बिघडलं तर आम्ही कुठं भेटू, तो पत्ता हा.

हरिबाचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. तानुबाईच्या डाव्या डोळ्याचं जूनमध्ये. उजवा गेला तो गेलाच. त्या डोळ्यापुढं दिवा धरला तरी तिला कळत नाही.

त्या दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर मुळीचा रस डोळ्यात सोडणारा कुणी वैदू आल्याचं कळलं. मी निघाले तर तानुबाई आपणहून जीपमध्ये येऊन बसली. वैदूपुढं रांगेत बसलेल्या बायकांपुढं तिनं भाषण केलं नाही. आपला गेलेला उजवा डोळा दोन बोटांनी उघडून दाखवला.

"ह्यो बगा. देवाचं नाव घेऊन घालवला. देवाचा काय दोस? त्यानं डोळं दिलं आन डोक्यात मेंदूबी दिला. माजा मेंदू त्या दिवशी ढोल ऐकत बसला. बायांनो, डोळ्यात काय घालताय म्हनून आदी इचारा. पयलं तुमच्या डोळ्यात घाला म्हनावं. आन आठ दिसांनी कुटं गावशील, तेबी इचारा. जो रागावंल, त्याच्याकडनं उठून या."

रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्यावरचा फडका काढला, झटकून खांद्यावर टाकला आणि वैदूकडं वळून विचारलं, "काय रं, कशाचा रस हाय ह्यो?"